प्रति: अर्बानिया म्हणजे नवीन काय?

वर कोणीतरी म्हणालंय की अर्बानिया ही फोर्स मोटर्सची व्हॅन म्हणजे त्यांच्याच जुन्या ट्रॅव्हलर व्हॅनला नवीन पत्रा, तर तसं नाहीये हो. फोर्सने ही मोनोकॉक बॉडीवर बनवलीय (म्हणजे वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा), पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापला खड्डा झेलतं), चारही चाकांना डिस्क ब्रेक, चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस, गाडी घसरताना सावरणारं ईएसपी. इंजिन तेवढं ओळखीचं, मर्सिडीजच्या घराण्यातलं २.६ लिटर डिझेल, ११५ एचपी. भावाच्या लग्नाला चिपळूणहून कराडला जाताना १७ सीटर अर्बानिया भाड्याने केलेली, आधी त्याच कुंभार्ली घाटात एका जुन्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर डोकं छताला आपटायचं, ह्यावेळी आजी तिथेच चक्क घोरत होती आणि मांडीवरचा अनारशांचा डबाही शाबूत. बॅगा मात्र आम्ही सवयीने इतक्या भरलेल्या की दोन माझ्या पायाशीच. भाडं जास्त का विचारलं तर ड्रायव्हर म्हणे, मालकाचे हप्ते चालू आहेत ना!