क्रूझला निघताना पोरांच्या बॅगेत काय काय भरलंत?

हिवाळा आला की मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझचं बुकिंग जोरात असतं, आणि ओळखीतल्या घरांतून हमखास विचारणा होते: पोरं लहान आहेत, काय काय घेऊ? आम्ही बॅलार्ड पिअरवरून निघालो तेव्हा मुलगा दीड वर्षाचा होता आणि मुलगी पाच वर्षांची. माझं मत ठाम आहे. कपड्यांचा विचार सगळ्यात शेवटी करा. जहाजावर कोपऱ्यावरचं मेडिकल नसतं, वाणी नसतो, आणि रात्री डायपर संपले तर ते घरपोच आणून देणारं कुणी नसतं. म्हणून मुलांच्या पोटाला, अंगाला आणि झोपेला जे लागतं ते आधी भरायचं. उरलेल्या जागेत फ्रॉक नि टीशर्ट.

आणखी एक. मोठ्या बॅगा टर्मिनलवरच आपल्याकडून घेतात आणि त्या खोलीपर्यंत यायला संध्याकाळ होऊ शकते. पोरांना मात्र जहाजावर पाय ठेवल्या ठेवल्या स्विमिंग पूल दिसलेला असतो. त्यामुळे पोहायचे कपडे, दिवसभराचे डायपर, सगळी औषधं, एकेक जादा जोड आणि सगळ्यांची कागदपत्रं एवढं पाठीवरच्या सॅकमध्येच हवं.

आता तुम्ही लिहा. कुठून निघालात, मुलं केवढी होती, काय कामाला आलं, काय नुसतंच फिरून परत आलं. बाळांच्या खाण्याबद्दल जरूर लिहा, सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच येतात.

ठाणे. मुलगी अकरा महिन्यांची, मुंबई–गोवा

खाण्याबद्दल मीच लिहिते. इलेक्ट्रिक किटली नेऊ नका. किटली, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड असलं तापणारं काहीही जहाजावर चालत नाही, आगीची भीती असते. स्कॅनरमध्ये दिसलं की काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. आमच्या पुढच्या कुटुंबाची किटली अशीच गेली आणि बाळाचं दूध कशावर गरम करायचं म्हणून ती बाई रडकुंडीला आली होती.

आम्ही रुंद तोंडाचा थर्मास नेला होता. चहा-कॉफीच्या मशीनला उकळतं पाणी मिळतं, ते भरून आणायचं. घरून पोह्यांची पूड आणि भाजलेल्या मुगाच्या डाळीची बारीक पूड वेगवेगळ्या डब्यांत नेली होती. नाचणीचं सत्त्व शिजवावं लागतं, ते तिथे जमत नाही. पोह्यांच्या पुडीला शिजवायची गरज नाही. थर्मासच्या झाकणात दोन चमचे पोह्यांची, एक चमचा डाळीची पूड, वर गरम पाणी, चिमूटभर जिरेपूड, आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. छान फुलून मऊ होतं. वर जेवणाच्या हॉलमधून आणलेलं साजूक तूप. लेक चाटूनपुसून खायची. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, पण बाळाचं आहे म्हटल्यावर डबे उघडून बघितले आणि सोडले. बुकिंग करतानाच मी ईमेलवर विचारून ठेवलं होतं आणि त्या उत्तराची प्रिंट सोबत होती, तिचा उपयोग झाला.

बाटल्या गरम पाण्यात बुडवायला एक उभं स्टीलचं पातेलं न्या. आणि हो, प्लास्टिकचा मग! बाथरूममध्ये फक्त शॉवर असतो, बादली नाही. डोक्यावर शॉवर सोडला की बाळं किंचाळतात. मगाने अंघोळ घातली की घरच्यासारखी शांत बसतात.

पुणे. जुळे मुलगे, चार वर्षांचे

लोहचुंबकाचे हुक. खोलीच्या भिंती लोखंडी असतात, त्यावर ते घट्ट चिकटतात. ओले कपडे, टोप्या, सॅक सगळं भिंतीवर गेलं आणि जमीन खेळायला मोकळी राहिली.

आतली, बिनखिडकीची खोली घेतली असेल तर छोटा नाइट लॅम्प हवाच. दिवा घालवला की इतका मिट्ट काळोख होतो की मोठ्या माणसालाही बाथरूमचं दार सापडत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड नेण्याआधी कंपनीचे नियम वाचा, बहुतेक ठिकाणी सर्ज प्रोटेक्टरवाले, म्हणजे विजेचा दाब अचानक वाढला तर वाचवणारे बोर्ड काढून घेतात.

कोल्हापूर. बालरोगतज्ज्ञ आणि दोन मुलींची आई

बोट लागण्यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण या मोसमात पालक माझ्याकडे त्यासाठी येतात. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा बोट लागत नाही. खरा त्रास होतो तो दोन ते बारा या वयात. घरात मोठ्यांसाठी असलेली गोळी अर्धी करून मुलांना देण्याची पद्धत आहे, ती कृपा करून बंद करा. प्रोमेथाझिन असलेलं औषध दोन वर्षांखाली अजिबात द्यायचं नाही, श्वास मंदावण्याचा धोका असतो. मोठ्या मुलांनाही डोस वजनावर ठरतो, म्हणून निघण्याआधी डॉक्टरांकडून औषधाचं नाव, डोस आणि किती वेळाने द्यायचं हे चिठ्ठीवर लिहून घ्या. ही औषधं त्रास सुरू होण्याआधी दिली तर लागू पडतात. उलट्या चालू झाल्यावर पाजलेलं सिरप पोटात टिकत नाही.

माझ्या पाऊचमध्ये हे असतं: तापाचं सिरप आणि मापाची सिरिंज, उलटीचं औषध, ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, नाकात घालायचे सलाईनचे थेंब, डायपर रॅशचं मलम, आणि मुलांची नेहमीची औषधं मुक्कामापेक्षा चार दिवस जास्तीची. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल मोठं येतं, आणि आपल्या मुलाला चालणारं सिरप तिथे असेलच असं धरून चालू नका. प्रवास विमा काढताना जहाजावरचे उपचार आणि जहाजावरून हलवावं लागल्यास तो खर्च त्यात येतो का, हे विचारा.

सॅनिटायझरच्या बाटल्या भरपूर नेतात लोक. जहाजावर जुलाब-उलट्या पसरवणारा नोरोव्हायरस त्याने नीट मरत नाही. जेवणाआधी साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद. मुलांना वास आवडेल असा साबण घरून न्या, म्हणजे आपणहून धुतात.

सिंगापूर. मुलगा अडीच वर्षांचा, आईबाबा सोबत

आम्ही मरीना बे क्रूझ सेंटरवरून पेनांग-फुकेत केलं. पहिली सूचना पोरांपेक्षा आजीआजोबांसाठी. भारतीय पासपोर्टवर आलेल्यांना सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे पाहा. जहाज मलेशिया-थायलंडला जाऊन आलं की तुम्ही देशाबाहेर जाऊन परत आलेले असता.

स्विमिंग डायपर घालूनसुद्धा मोठ्या पूलमध्ये बाळांना सोडत नाहीत. बहुतेक मोठ्या जहाजांवर हा नियम कडक आहे. बाळांसाठी कारंज्यांचा वेगळा कोपरा असेल तर तिथेच. किड्स क्लबही साधारण तीन वर्षांपासून पुढे, आणि मूल डायपरमधून सुटलेलं हवं. लेकाला हे दोन्ही बंद होतं. म्हणून फुगवायचा छोटा टब नेला होता. शॉवरखाली ठेवला, त्यात पेले आणि चाळणी टाकली, की दुपार निघायची. आजोबा स्टुलावर बसून त्याला पाणी ओतून द्यायचे.

विषुववृत्ताजवळ आहोत म्हणून गरम कपडे टाळू नका. थिएटर आणि जेवणाच्या हॉलमध्ये एसी इतका असतो की कानटोपी आणि स्वेटर रोज लागले.

सांगली. मुलगी सहा, मुलगा तीन. कोचीहून लक्षद्वीप

आमचा अनुभव थोडा वेगळा, कारण आम्ही 'एम. व्ही. कवरत्ती' या सरकारी जहाजाने गेलो होतो, लक्षद्वीप पर्यटनाच्या 'समुद्रम' सहलीने. रात्री प्रवास, दिवसा बेटावर. कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. इथे वॉटर पार्क, शो वगैरे काही नाही, आणि मला तेच आवडलं. पण सामान भरताना वेगळा विचार करावा लागतो.

जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर, खोल पाण्यात थांबतं. तिथून छोट्या होडीत उतरायचं. जहाजाच्या बाजूचं दार उघडतं, खाली होडी लाटेवर वर-खाली होत असते, आणि खलाशी लाट वर आली की 'आता' म्हणून हाताला धरून घेतात. मुलाला त्यांनी काखेत धरून अलगद उचलून दिला. या वेळी तुमचे दोन्ही हात मोकळे हवेत. बाबागाडी निरुपयोगी आहे. पोटाशी बांधायची झोळी किंवा कॅरियर न्या, आणि खांद्यावरून घसरणाऱ्या पिशव्यांऐवजी पाठीवरची सॅक.

दुसरी वस्तू रबरी सोलचे पाण्यात चालायचे बूट. लगूनचं, म्हणजे कड्याच्या आतलं उथळ पाणी गुडघाभर आणि काचेसारखं स्वच्छ असतं, पण खाली प्रवाळाचे तुकडे असतात, तळवा कापतो. पूर्ण बाह्यांचे पोहायचे कपडे घ्या, पांढऱ्या वाळूवरून ऊन खालूनही भाजतं. फोन ठेवायला पाणी न शिरणारी पिशवी. बेटांवर जायला परवाना लागतो, तो सहलीबरोबरच होतो, पण मुलांची ओळखपत्रं आणि फोटो आधीपासून तयार ठेवा.

आणि मिनिकॉयचा 1885 सालचा दीपस्तंभ मुलांना दाखवाच. वरून बेटाचा आकार दिसला तेव्हा लेक म्हणाली, 'आई, हे तर केळ्यासारखं आहे.'

डोंबिवली, मूळ मालवण. आता नातवंडांची आजी

तुमच्या क्रूझ मी पाहिलेल्या नाहीत, पण पोरं घेऊन समुद्र पुष्कळ केला. भाऊच्या धक्क्यावरून कोकणची बोट सकाळी सुटायची, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत मालवण, वेंगुर्ला आणि पुढे पणजी. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटी आठवतील कुणाला तरी. आम्ही डेकवर सतरंजी पसरून बसायचो. धाकटा कडेवर आणि थोरली हाताला धरून.

माझ्याकडे असायचं ते सांगते. फिरकीचा तांब्या, म्हणजे पाणी सांडत नाही. मेणकापडाचा तुकडा आणि जुन्या लुगड्याची मऊ दुपटी. दशम्या आणि सुकी चटणी. ओलं, आंबट-तेलकट खाणं बोटीवर नको. आवळकाठी, आल्याची वडी आणि एक अख्खं लिंबू, पोराने नखाने खरवडून हुंगायला. रिकाम्या पोटी बोट जास्त लागते, म्हणून मी थोडं थोडं भरवत राहायचे. पोर पांढरंफटक दिसलं की त्याला कठड्याजवळ नेऊन लांबचा डोंगर दाखवायचा, पुस्तक वाचू द्यायचं नाही. रात्री थोरलीच्या कमरेला दोरी बांधून दुसरं टोक माझ्या मनगटाला. मालवणला बंदरात बोट लागायची नाही, होडीत उतरावं लागायचं. सांगलीच्या बाईंचं वाचून ते सगळं आठवलं. बाई, तुम्ही पोरांना बरोबर ठिकाणी नेलंत.

*(धागाकर्ती, म्हणजे वर पहिला प्रश्न विचारणारी मी: आजी, लांबचा डोंगर बघण्याचा उपाय कोल्हापूरच्या डॉक्टरताईही सांगतील. आल्याच्या वड्या मी यंदा नक्की करणार. पाच वर्षांच्या मुलीला तिखट लागणार नाहीत अशा कशा करायच्या, तेही लिहाल का?)*

आजी: आलं किसायचं नाही, वाटून गाळून रस घे. त्याच्या दुप्पट दूध आणि पुरेशी साखर घालून आटव, गोळा झाला की तुपाच्या ताटात थाप. रस कमी केलास तर पोरं मागून खातील.

सिॲटलजवळ. मुली आठ आणि दोन, अलास्का

अलास्काला थंडीचे जाड कोट भरून नेतात, खरं शस्त्र म्हणजे रेनकोट. केचिकन गावात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईपेक्षा कितीतरी जास्त, आणि तो थंड पाऊस असतो. पातळ थर एकावर एक आणि वर पाणी न शिरणारं जाकीट-पँट. हिमनदीसमोर डेकवर तासन् तास उभं राहायचं असतं, तेव्हा हातमोज्यांचे दोन जोड हवेत, एक भिजतोच.

जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड. धाकटी झोपेना. कपडे वाळत घालायचे चिमटे नेले होते, त्यांनी पडद्यांच्या फटी बंद केल्या. मुलांसाठी दुर्बीणही घ्या, स्वस्तातली चालते. देवमासा दिसला की सगळे एकाच दुर्बिणीवर तुटून पडतात.

भारतातून आईवडील येत असतील तर कॅनडाचा व्हिसा विसरू नका. सिॲटलहून निघणारी ही परदेशी झेंड्याची जहाजं अमेरिकी कायद्यामुळे वाटेत एका कॅनडियन बंदरात थांबतात, बहुधा व्हिक्टोरियाला.

सिडनी. मुलगा पाच, न्यूझीलंडची क्रूझ

जहाजावरून बंदरात उतरताना फळं, दूध, घरचं खाणं बरोबर नेऊ नका. न्यूझीलंडमध्ये न सांगता नेलेल्या एका सफरचंदालाही 400 डॉलर दंड आहे. गँगवेवर, म्हणजे जहाजातून उतरायच्या पुलावर जाण्याआधी मी बाबागाडीची जाळी, मुलाचे खिसे आणि जेवणाच्या हॉलमधून उचललेल्या केळ्याची शक्यता असलेली प्रत्येक जागा तपासायचे. कारखान्यात सीलबंद केलेली बिस्किटं न्या, पण तीही देशात शिरताना भरायच्या फॉर्मवर लिहा. चिखलाचे बूटसुद्धा घासून न्या.

नाशिक. एकटा बाबा, मुलगी सात वर्षांची

एक पालक सोबत नसेल तर त्याचं संमतिपत्र, सही आणि ओळखपत्राच्या प्रतीसह, आणि मुलीचा जन्मदाखला. आमच्याकडे चेक-इनला मागितलं.

बाकी दोन गोष्टी. फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर समुद्रात जहाजाच्या नेटवर्कला जोडला जातो आणि बिल जबर येतं. गाणी, गोष्टी घरीच डाउनलोड करा. आणि शेवटच्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात, त्या रातोरात जातात. सकाळचे कपडे, चपला, दात घासायचा ब्रश आणि मुलांचं झोपताना कुशीत घ्यायचं बाहुलं आधी बाजूला काढा. आमच्या मजल्यावरचा एक छोटा उतरण्याच्या सकाळी रात्रीच्याच पायजम्यात, अनवाणी रांगेत उभा होता.