शाळेतनं आरोग्याच्या सर्व्हेची चिठ्ठी आलीय, सही करू का?

आठवीची_आई:
पोरगा आठवीत आहे, राजारामपुरीतली शाळा. काल चिठ्ठी घेऊन आला, मुलांच्या आरोग्याचा देशपातळीवरचा सर्व्हे आहे, पालकांची सही पाहिजे म्हणे. प्रश्न काय तर रोज नाश्ता करतोस का, मारामारी झाली का, मावा-गुटखा खाल्लास का. ह्यांचं म्हणणं, कशाला नसतं खूळ पोराच्या डोक्यात घालायचं. आणि मला वेगळीच धाकधूक, पोरगं खरं लिहील आणि उद्या बाईंनी वाचलं तर?

पेठेतला:
वैनी, मावा काय असतो ते फॉर्म शिकवणार व्हय? शाळेपासनं १०० यार्डांत तंबाखू विकायला बंदी, गुटखा तर राज्यात २०१२ पासनं बंद, तरी टपऱ्या मोजत घरी या एकदा. पोरांना सगळं ठावं असतंय.

गणिताचे_सर:
ताई, अशा सर्व्हेत नाव, हजेरी नंबर काही लिहायचं नसतं. शाळा आणि वर्ग चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडतात, मग त्या वर्गातली सगळी पोरं, म्हणजे तुमच्याच मुलावर कुणाचा डोळा आहे असं नाही. २०१९ ला तंबाखूचा असाच सर्व्हे झाला, मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने केलेला, ९८७ शाळा, १३ ते १५ वयाची ८०,७७२ मुलं. तंबाखू घेणारी ८.५ टक्के निघाली. २००९ मध्ये १४.६ होती, म्हणजे कमी झालंय. पण आता मिस्टरांना हे सांगा, न धुरवाली तंबाखू, म्हणजे आपला मावा-गुटखा त्यातच, ज्यांनी कधी खाल्ली त्यातल्या निम्म्यांनी दहा वर्षं पुरी व्हायच्या आतच सुरू केलेली. चौथी-पाचवी! आठवीत विचारणं म्हणजे उशीरच झाला म्हणायचा.

रंकाळ्यावरचा:
सर, कागदावर सगळं बरोबर आहे. आम्ही शाळेत असला एक फॉर्म भरलेला, सर बाकांमधनं फिरत होते, अख्ख्या वर्गानं सगळीकडं ‘नाही’ ला गोल केला, मीपण, आणि तेव्हा माझ्या खिशात पुडी होती 😄

गणिताचे_सर:
तेच तर. वर्गशिक्षकांनी फिरायचं नसतं, बाहेरची माणसं फॉर्म देतात आणि तेच गोळा करतात. ताई, एवढं शाळेत विचारून घ्या. आणि घरी आल्यावर काय लिहिलंस म्हणून पोराला खोदू नका.

आठवीची_आई:
आभारी आहे सर. ह्यांना दहा वर्षांचं सांगितलं, गप्पच बसले, सही त्यांनीच केली. पोरगा आत्ताच विचारतोय, चहा-खारी म्हणजे नाश्ता धरायचा का. मला नको विचारू म्हटलं.