'व्यापारी राजधानी': एका गोव्यात राजधान्या किती?

मिरवेल
एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय, गोव्यात नव्याने येणाऱ्यांसाठी पाच शहरांची ओळख, प्रत्येकाला अर्धं पान. पणजीला "राजधानी" लिहिलं, प्रश्न नाही. मडगावपाशी अडले. मी आपलं सरळ "व्यापारी राजधानी" लिहून टाकलं, पेपरात रोज वाचते तेच. तर तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारून परत पाठवलं, म्हणे याचा अर्थ व्यापाऱ्यांची राजधानी असा होतो, "वाणिज्यिक" करा. आता वाणिज्यिक हा शब्द मी मडगावात कुणाच्या, अगदी कॉमर्सच्या मास्तरांच्या तोंडूनही ऐकलेला नाही. त्यात पुढे फोंड्याला "सांस्कृतिक राजधानी" आहे आणि म्हापशाला "उत्तर गोव्याची व्यापारी राजधानी". काय लिहू?

पुणेरी दौत
तपासनीस बाईंशी अर्धा सहमत. व्यापारी हे नाम, पण विशेषण म्हणूनही रुळलंय, व्यापारी जहाज म्हणतोच की आपण, त्याचा अर्थ जहाजाचं दुकान आहे असा होत नाही. माझी हरकत वेगळी आहे, ती "राजधानी"वर. धानी म्हणजे ठेवायची जागा, पात्र. राजा जिथे ठेवलाय ती राजधानी. संस्कृतात मत्स्यधानी आहे, म्हणजे मासे ठेवायची टोपली. त्यामुळे राजा एक तर धानी एक. व्यापारी राजधानी, सांस्कृतिक राजधानी हे सगळं इंग्रजीवरून उचललेलं आहे. "प्रमुख बाजारपेठ" लिहा आणि मोकळ्या व्हा.

पिंपळकट्टा
मग मडगाव मत्स्यधानी! घाऊक मासळी बाजार आमच्याकडेच आहे, पहाटे येऊन बघा.

पण "बाजारपेठ" म्हटलेलं आम्हाला चालणार नाही हां. बाजारपेठ गावालाही असते. २०११ च्या जनगणनेत मडगाव पालिका ८७ हजारांच्या वर आणि पणजी ४० हजार. तरी महानगरपालिका कुणाची, पणजीची. राज्यातली एकुलती एक. आता शब्दांवरच बोलायचं तर ४० हजारांत "महा" कुठून आलं ते आधी सांगा.

मांडवीकाठ
आलेच मडगावकार मोजपट्टी घेऊन. अहो बाब, शहर डोकी मोजून होत नाही. १८४३ साली राजधानीचा दर्जा मिळालाय पणजीला, तेव्हा नोवा गोवा म्हणायचे. संध्याकाळी कांपालला नदीकाठाने पासय मारायला, म्हणजे रमतगमत फिरायला, जे लागतं ना, कसलीही घाई नसणं, त्याला शहर म्हणतात. मडगावात फुटपाथवर उभं राहिलात तर मागचा विचारतो, घेणार की बाजूला होणार.

शुक्रवार
पासय कसली, तुमची राजधानी २००० सालीच पूल ओलांडून आमच्याकडे आली. विधानसभा पर्वरीला, सचिवालय पर्वरीला, हायकोर्टसुद्धा आलं. आणि पर्वरी आमच्या बार्देस तालुक्यात. म्हणजे दौतबाबांच्या हिशेबाने राजा ठेवलाय बार्देसात, तर धानी कोण झाली?

गंमत सोडा. मिरवेलबाय, मला वाटतं तुमची अडचण शब्दाची नाहीच. माझी आजी पेडण्याची, तिने जन्मात "म्हापसा" हे नाव क्वचितच घेतलं असेल, ती म्हणायची "बाजाराक वतां", आणि घरात सगळ्यांना कळायचं की आज शुक्रवार, म्हातारी म्हापशाला निघाली, येताना मयड्याची केळी नि हरमलची मिरची येणार आणि मे महिना असेल तर पुरुमेंताचं सामान, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, सुकी मासळी वगैरे. पणजीला मात्र नाव घेऊन जायची, "पणजे वतां", आणि ते म्हणताना चेहरा पडलेला, कारण पणजीला माणूस कागद घेऊन जायचा, म्हापशाला पिशवी घेऊन. आम्हा बार्देस-पेडण्याच्या लोकांची शहरं अशीच ओळखायची पद्धत. राजधानी-बिजधानी पेपरवाल्यांनी आणली. माझं मत, माहितीपत्रकात लिहा "म्हापसा, म्हणजे बाजार". बस.

पिंपळकट्टा
पुरुमेंताचा उल्लेख करून मडगावचं फेस्त विसरलात? पुरुमेंताचं फेस्त म्हटलं की होली स्पिरिट चर्चपुढची फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, पावसाच्या तोंडावर. हा शब्दही पोर्तुगीज प्रोविमेंतु वरून आलाय, तेवढी मडगावची देणगी माना.

शुक्रवार
शब्द पोर्तुगीजांची देणगी, मडगावची नव्हे.

अंत्रुजकर
फोंड्याच्या "सांस्कृतिक"ला कुणी हात लावू नये. अंत्रुज महालात, म्हणजे आमच्या फोंडा भागात, जत्रेला गावातली पोरं अजून मराठी नाटक बसवतात, तालमीसाठी दोन महिने झोप मोडतात. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी सगळी दहा-बारा किलोमीटरच्या आत. त्याला राजधानी म्हणायचं नसेल तर काय म्हणायचं, शाखा?

बंदरावरचा
मंगेश मूळ कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची. दोन्ही गावं आज आमच्या मुरगाव तालुक्यात. म्हाळसा शेजारच्या वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या भीतीने देव घेऊन लोक नदीपलीकडे पळाले, तेव्हा तिथे पोर्तुगीज नव्हते म्हणून. तर तुमची संस्कृती आमच्याकडून ठेवायला दिलेली आहे. ठेवायची जागा म्हणजे धानी, हे मात्र बरोबर बसतं बघा!

आणि आमच्या वास्कोचं अर्धं पान कुणी वाचलंय का? मिरवेलबाय, काय लिहिलंय आमच्याबद्दल?

मिरवेल
"बंदराचे शहर." एवढंच. बाकी विमानतळ.

बंदरावरचा
वाटलंच. बंदर, रेल्वे, नौदल, शिपयार्ड यांच्या नोकरीला देशभरातून माणूस आला, रिक्षावाला पहिलं वाक्य हिंदीत बोलतो, म्हणून बाकी गोवा आम्हाला गोव्यात धरत नाही. पण श्रावणात दामोदराच्या भजनी सप्ताहाला या, तेव्हा कळेल गाव आहे की नाही. नाव सप्ताह, अखंड भजन मात्र चोवीस तासांचं. दौतबाब, यालाही लाल रेघ मारणार का?

पुणेरी दौत
सप्ताह सात दिवसांचाच. पण भजन चालू असताना मी व्याकरण काढत नाही.

मांडवीकाठ
मूळ मुद्द्यावर येतो. गोव्यात बाजाराच्या जागेला तिंटो म्हणतात. व्यापारी राजधानीला "महातिंटो" कसा वाटतो?

अंत्रुजकर
तिंटो म्हणजे तिठा. तीन वाटा जिथे मिळतात तिथे बाजार बसतो. सोपं आहे.

पिंपळकट्टा
आमच्याकडे एक काका छातीठोक सांगतात की पोर्तुगीज तिंतू, म्हणजे तांबडी वाईन, ती जिथे विकायचे तो तिंटो. काका स्वतः तिथेच बसलेले असतात म्हणून विश्वास ठेवत नाही.

शुक्रवार
तिठ्यातला ठ कुठे गेला, आणि अनुस्वार कुठून आला?

अंत्रुजकर
झिजला. आणि अनुस्वार कोकणीत कुठेही येतो, तुम्हाला माहीत नाही का.

शुक्रवार
झिजला म्हणजे काय, अक्षर आहे की चपलेची टाच? आमच्या म्हापशाचंही असंच, कुणी म्हणतं मापं भरायची जागा म्हणून मापसा. मग ह कुठून आला विचारलं की गप्प.

मिरवेल
अहो माझं मडगाव राहिलं ना. सध्या "व्यापाराचं मुख्य शहर" लिहून पाठवलं. बाईंचा फोन आला, त्यांना ते पटलं, आता त्यांची लाल रेघ "म्हापशात"वर आहे, म्हणे "म्हापश्यात" करा. मी "म्हापशात" लिहिलंय.

पुणेरी दौत
पैसा, पैशात. ससा, सशाला. त्याच न्यायाने म्हापशात. तुमचं बरोबर आहे.

मांडवीकाठ
आम्ही म्हापशेंत म्हणतो.

शुक्रवार
तुम्ही म्हापशाला येता कधी?