मदत हवी आहे: बाळाला घेऊन वाळवंटात पायी भटकंती, कॅरियर कोणता घ्यावा?

गंगापूररोडकर
नमस्कार. जरा घाईत लिहितोय. आम्ही तिघं वाळवंटात ट्रेकला जाणार आहोत. बाळाला पाठीवर घ्यायचा कॅरियर हवा आहे. नाशिकमध्ये कॉलेज रोड झाला, मेन रोड झाला, सगळीकडे पोटावर बांधायचे कापडी पट्टेच दाखवतात. ऑनलाइन फ्रेमवाले दिसतात, पण ते बरेच महाग आहेत. फ्रेमचा घ्यावा की कापडी? रविवारपर्यंत मागवला नाही तर वेळेत पोचणार नाही. आणि कृपया "एवढ्या लहान बाळाला कशाला नेता" असं लिहू नका, ते घरी रोज ऐकतोय. फक्त कॅरियरबद्दल सांगा.

सह्यवेडा
कुठलं वाळवंट? कुठल्या महिन्यात? बाळ केवढं? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

सिडकोची_आई
वजन सांगा आधी. आणि बाळ उचलणार कोण, तुम्ही की वहिनी? त्यावर सगळं अवलंबून आहे.

गंगापूररोडकर
राजस्थान. बाळ चालतंय आता. उचलणार मी. फ्रेम की कापडी?

पेठरोडचा_ड्रायव्हर
गाडीनेच जा. सापुताऱ्यावरून सुरत, मग अहमदाबादला मुक्काम, दुसऱ्या दिवशी जैसलमेर. साधारण हजार किलोमीटर होतात. बाळ झोपलं की गाडी पळवायची, रडलं की थांबायचं. ट्रेनमध्ये थांबवता येतं का?

सह्यवेडा
@पेठरोडचा_ड्रायव्हर, त्यांनी कसं जायचं हे विचारलेलंच नाही. आणि १९-२० तास गाडीत बसलेलं बाळ तिसऱ्या दिवशी ट्रेकला कसं जाईल?
@गंगापूररोडकर, राजस्थानात कुठे? महिना अजून सांगितलेला नाही.

गंगापूररोडकर
जैसलमेर. तिथल्या सम नावाच्या वाळूच्या टेकड्यांजवळ तंबू बुक आहे. भाऊबीज झाली की निघणार, कारण बायको शाळेत शिक्षिका आहे आणि लांब सुट्टी तेव्हाच मिळते. मुलगी १९ महिन्यांची, साडेदहा किलो. आता सांगा.

बालरोग_पंचवटी
मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाआधीचं सांगते, रागावू नका. जैसलमेरला ऑक्टोबरच्या शेवटी दुपारचं तापमान अजून ३५ अंशांच्या आसपास असतं. नोव्हेंबर संपता संपता ते २८-२९ वर येतं, जानेवारीत २४-२५. हे आकडे सावलीतल्या हवेचे. दुपारची वाळू त्याहून कितीतरी तापते आणि तुमच्या मुलीचं डोकं त्या वाळूपासून जेमतेम अडीच फुटांवर आहे. लहान मुलांच्या शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने जास्त असतो, त्यामुळे ती आपल्यापेक्षा लवकर तापतात आणि लवकर गारठतातही.

यंदा भाऊबीज कधी येते ते पाहा. सुट्टीचे पहिले दिवस सोडून शेवटचे दिवस धरता आले तर धरा. आठवडाभराचाही फरक पडतो.

पाणी तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं देत राहा. सहा तासांत लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, तोंड कोरडं पडलं, मूल मलूल झालं, तर चालणं तिथेच थांबवायचं आणि डॉक्टर गाठायचा. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या पाण्यात (मोठी असेल तर एक लिटर) पूर्ण घालायची, अर्धी अर्धी करायची नाही. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यात साखर जास्त असते, जुलाब होत असतील तर ती वाढवतात.

गंगापूररोडकर
धन्यवाद डॉक्टर, खरंच. तापमानाचं माझ्या डोक्यात "थंडी म्हणजे थंडी" एवढंच होतं. पण तंबूचे पैसे भरून झालेत. कॅरियरचं अजून कुणीच बोललं नाही.

सिडकोची_आई
मी बोलते. फ्रेमचा घ्या. बाळाची पाठ आणि तुमची पाठ यांच्यात हवा खेळती राहते, वर छत असतं, मूल उंच बसतं आणि खूश राहतं. आमचा मुलगा पांडवलेणीच्या पायऱ्या त्यातूनच चढला आहे.

सह्यवेडा
पायऱ्या वेगळ्या, वाळू वेगळी. हिशोब करा. मूल साडेदहा किलो, रिकामी फ्रेम सुमारे ३ किलो, ३ लिटर पाणी म्हणजे आणखी ३. सोळा-सतरा किलो पाठीवर, तेही उंचावर, आणि पाय घोट्यापर्यंत वाळूत. टेकडीच्या उतारावर एकदा तोल गेला की मुलाचं डोकं आधी खाली येतं. कापडी घ्या. भार कमरेजवळ राहतो, आणि तोल गेला तरी मूल अंगाला चिकटून असतं.

सिडकोची_आई
कापडीत दोन अंगांची उष्णता एकत्र होते. डॉक्टरांनी आत्ताच उष्णतेचं एवढं लिहिलं ते वाचलंत ना?

सह्यवेडा
वाचलं. म्हणून तर सकाळ-संध्याकाळच चालायचं म्हणतोय. तेव्हा तिथे गारवा असतो आणि अंगाची ऊब मुलाला लागतेच.

बालरोग_पंचवटी
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. एक लक्षात ठेवा: तुम्ही चालता म्हणून तुम्हाला घाम येतो, पाठीवरचं मूल हलत नाही म्हणून त्याला थंडी वाजते. पहाटे वडील शर्टावर आणि मुलगी गारठलेली, असं होऊ शकतं. मानेला मागून हात लावून बघत राहा. हाता-पायांवरून अंदाज चुकतो.

द्राक्षमळा
पण मी म्हणतो, इतक्या लांब जायचंच कशाला? नांदूर मधमेश्वरला जा, पक्षी बघा. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (जगभर महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालंय. दीड तासात पोचाल, मूल घरच्या अंथरुणात झोपेल.

गंगापूररोडकर
तिथे दरवर्षी जातोच. मला वाळवंट बघायचंय आणि मुलीबरोबर बघायचंय. लग्नाआधीपासून आमच्या दोघांच्या मनात आहे.

माळरानी
जैसलमेरला जाताय तर राष्ट्रीय मरु उद्यानात माळढोक पक्षी नक्की बघा! ३१६२ चौरस किलोमीटरचं उद्यान आहे, तिकडे त्याला गोडावण म्हणतात. आपल्या सोलापूरच्या नान्नजला एके काळी सहज दिसायचा, आता त्याची काय दशा झाली आहे! माझा जीव तुटतो. विजेच्या तारांना धडकून मरतात बिचारे. समोरचं त्यांना नीट दिसत नाही, आणि शरीर एवढं जड की ऐनवेळी वळताही येत नाही.

द्राक्षमळा
@माळरानी, तारा जमिनीखालून न्यायचं न्यायालयात चाललं होतं ना?

माळरानी
हो, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ ला आदेश दिला, २०२४ ला त्यात बदल करून समिती नेमली. यावर खूप बोलायचं आहे.

सह्यवेडा
विषय महत्त्वाचा आहे, पण वेगळा धागा काढा. यांना रविवारपर्यंत उत्तर हवं आहे.

थारची_वाट
आत्ता धागा पाहिला. मिस्टरांच्या बदलीमुळे आम्ही जैसलमेरला राहिलो आहोत, मुलं तिथेच रांगली. मुद्द्याचं लिहिते.

सममध्ये ट्रेक होत नाही. शहरापासून ४० किलोमीटरवरचा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा आहे तो. संध्याकाळी तिथे जीप, उंट, ढोल, आणि रात्री तंबूंमध्ये मोठ्या आवाजात गाणी. १९ महिन्यांचं मूल त्यात झोपणार नाही. बुकिंग बदलता येत असेल तर खुरीचं बघा, शहरापासून जवळपास तेवढंच लांब पण बरंच शांत. नाहीतर मुक्काम शहरातच ठेवा आणि सकाळी गाडीने जाऊन या. जवाहिर रुग्णालय शहरात आहे, लहान मूल बरोबर असताना हा विचार हवाच.

चालायला मला अकलचं जीवाश्म उद्यान जास्त योग्य वाटतं. बाडमेर रस्त्यावर १७ किलोमीटर. १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके उघड्यावर पडलेले आहेत. जमीन कठीण आहे, मूल स्वतः चालू शकतं. सावली मात्र जवळजवळ नाही, म्हणून सकाळीच जा. तसंच कुलधरा, ओसाड पडलेलं पालीवाल ब्राह्मणांचं गाव. सरळ गल्ल्या, दगडी भिंती, आणि शहरापासून १८ किलोमीटर. भुताच्या गोष्टींकडे लक्ष देऊ नका, पाण्याच्या आणि शेतीच्या ज्ञानासाठी ती माणसं ओळखली जायची, ते बघा.

आता भुरटाबद्दल. वाळूत भुरट नावाचं गवत असतं, त्याची काटेरी बोंडं पावसाळ्यानंतर सगळीकडे चिकटतात. मोज्यांत, पायजम्यात, बाळाच्या तळहातात. सुती गुळगुळीत कापडाची लांब पँट घाला, लोकरीचे मोजे नकोत. मूल वाळूत बसणार आणि हात तोंडात घालणार, तेव्हा आधी जागा बघून जाड चादर पसरा. फुरसं आणि विंचूही तिथले रहिवासी आहेत, थंडीत कमी दिसतात, तरी बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत.

उंटावर मुलीला बसवू नका. उंट आधी मागचे पाय उभे करतो, बसलेला माणूस एकदम पुढे झुकतो. कडेवर मूल असेल तर सावरायला हात उरत नाही. टेकड्यांवर उड्या मारणारी जीप तर नकोच.

पेठरोडचा_ड्रायव्हर
जीपच्या बाबतीत ताईंना माझा पूर्ण पाठिंबा, ती नकोच. पण स्वतःची गाडी असली की शहर-अकल-कुलधरा सगळं आपल्या वेळेवर होतं. ताईंनी लिहिलेलं सगळं गाडीवाल्यालाच जमणार.

थारची_वाट
गाडी तिथे दिवसाच्या भाड्याने मिळते. नाशिकहून मुंबई, वांद्रे टर्मिनसवरून सूर्यनगरीने जोधपूर, तिथे एक-दोन दिवस थांबून मग पुढे, असं केलं तर मूल शिणत नाही. जोधपूरला मेहरानगडाच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. परदेशी बावळिया (वेडी बाभूळ) काढून तिथे थारची मूळची झाडं लावली आहेत, काम २००६ ला सुरू झालं. आखलेल्या पायवाटा आहेत. खरी वाळवंटी पदभ्रमंती म्हणाल तर तिथेच होते! खडकही बघा, रायोलाइट (ज्वालामुखीतून झालेला) आहे, सुमारे ७५ कोटी वर्षांचा. आपल्या ब्रह्मगिरीचा बसाल्ट त्यापुढे अगदी तरुण.

कॉलेजरोडची_आजी
नात घेऊन जाताय, चांगलं करताय. माझं ऐका, मेतकूट आणि मऊ भाताचे तांदूळ बरोबर न्या, नाचणीचं सत्त्व न्या. इलेक्ट्रिक किटली न्या, कुठेही पाणी उकळता येतं. तिकडे बाजरीची रोटी आणि तूप मिळतं, आपल्याकडे बाजरीची भाकरी खाणारं मूल ते आवडीने खाईल. कानटोपी विसरू नका.

सह्यवेडा
आजी, किटली नेऊ द्या पण रेल्वेच्या डब्यात लावू नका, तिथे बंदी आहे. हॉटेलातच वापरायची.

बंधेज_प्रेमी
जोधपूरला बांधणी घ्यायची असेल तर घंटाघराजवळच्या बाजारात जा. भाव करा, पहिल्या किमतीला अजिबात घेऊ नका.

गंगापूररोडकर
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बायकोला धागा वाचून दाखवला. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात जायचं ठरतंय, जोधपूरला दोन रात्री, मग जैसलमेर शहरात मुक्काम. सगळं जानेवारीत ढकलायचाही विचार केला, पण २६ ला झेंडावंदनाला तिला शाळेत हजर राहावं लागतं आणि किरकोळ रजा फारशा उरलेल्या नाहीत. तंबूवाल्याने पैसे परत द्यायला नकार दिला, एक रात्र पुढे ढकलायला तयार आहे. ती रात्र घ्यावी की सोडावी?

थारची_वाट
सोडा. नाहीतर सूर्यास्त बघून शहरात परत या. पैसे गेलेच आहेत, झोप तरी जाऊ देऊ नका.

द्राक्षमळा
मी तर म्हणेन एक रात्र राहा. तिथलं आकाश शहरात दिसणार नाही. आमच्या मळ्यातून दिसायचं, आता ओझरच्या बाजूने उजेड येतो.

बालरोग_पंचवटी
राहिलात तर मुलीला तुमच्या दोघांच्या मध्ये झोपवून जड रजई अंगावर टाकू नका, श्वास कोंडतो. तिला थरांचे कपडे घाला. नोव्हेंबरअखेर पहाटे पारा १२-१३ पर्यंत उतरतो, तंबूत ते जाणवतं.

सिडकोची_आई
आणि कॅरियर? विकत घेऊच नका. माझ्याकडचा फ्रेमचा पडून आहे, मुलगा मोठा झाला. दोन-तीन रविवार रामशेज किल्ल्यावर मुलीला त्यात घालून फिरवा. मुलगी बसत नसेल तर इथेच कळेल, आणि तुमच्या पाठीचंही. कमरेच्या पट्ट्याची क्लिप जरा कडक आहे, जोर लावावा लागतो.

सह्यवेडा
हे उत्तम. पण अकल आणि रॉक पार्कसाठीच वापरा, वाळूच्या टेकडीवर नको. तिथे मुलीला चालू द्या, दमली की कडेवर घ्या.

गंगापूररोडकर
@सिडकोची_आई, व्यनि (खासगी निरोप) केला आहे, शनिवारी संध्याकाळी येऊ का? @थारची_वाट, भुरटाचे काटे काढायला कुठला चिमटा न्यायचा?

थारची_वाट
भुवया कोरायचा, टोकाला तिरका असतो तो. दोन न्या, एक कॅरियरच्या खिशात आणि एक पाण्याच्या पिशवीत.