आजोबांच्या फोटोतली रायफल कोणती?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आजोबांचा फोटो सापडला. हातात बोल्टवाली रायफल, म्हणजे दर गोळीला हाताने दांडी मागे-पुढे ओढायची. नळी पुढच्या लोखंडी टोपीतच संपते, बाहेर डोकावत नाही. ब्रिटिश फौजेची ली-एनफिल्डच ना? पण नेमकी कुठली?

प्रतिसाद १: बोथट तोंड म्हणजे .३०३ इंची गोळीची ली-एनफिल्ड नंबर १ मार्क ३. नंतरचं मॉडेल नंबर ४ असती तर नळीचं टोक बाहेर दिसलं असतं. नेम धरायची मागची साइट बघा. मार्क ३ ला ती नळीवर, बरीच पुढे. नंबर ४ ला पार डोळ्याजवळ. मार्क ३ की तिचीच सोपी केलेली आवृत्ती ३ स्टार, हे मात्र फोटोवरून सांगणं अवघड.

प्रतिसाद २: मॅगझिनमध्ये १० गोळ्या, ५-५ च्या दोन क्लिपांनी वरून भरायच्या. वजन चारेक किलो, ते खांद्यावर घेऊन दिवसदिवस चालायचं! रायफलीचा नाद मलाही आहे, पण आधी फोटो उलटा करा. मागे शिक्का, पलटणीचं नाव आहे का? पदकं असतील तर कडेवर आजोबांचा फौजेतला नंबर कोरलाय का बघा. सेवेचा माग त्यावरूनच लागतो, रायफलीवरून नाही.

प्रश्नकर्ता: साइट पुढेच आहे! मागे नुसता स्टुडिओचा शिक्का. पदकं मोठ्या काकांकडे आहेत, आजच फोन करतो.