विषय: रे: रे: 'डिलिरियम'ची सीडी कुणाकडे आहे? (तातडीचं)

मंडळी,
कॅपरकेली या स्कॉटिश बँडच्या 'डिलिरियम' अल्बमची सीडी मागच्या गणपतीत ध्वनीविभागाकडे दिली होती. डबी परत आली, आत आरत्या निघाल्या. शनिवारी तालीम आहे. त्यातलं 'कॉशिख अ रून' मिरवणुकीत लावायचं ठरलंय. वॉकिंग साँगच आहे ते.
– सचिव

---

सचिवसाहेब, डबी दिली तेव्हा आत तीच सीडी होती. फोनवरून लावा म्हणाल, तर तळघरात रेंज नाही हे तीन वर्षं सांगतोय. दुसरं म्हणजे ते चालायचं गाणं नव्हे. या वॉकिंगच्या स्पेलिंगमध्ये 'यू' आहे. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर बाया ओलं ट्वीड (लोकरीचं कापड) टेबलावर आपटून घट्ट करायच्या, तेव्हाचं गाणं. एकीनं ओळ घ्यायची, बाकीच्यांनी पालुपद. कापड शिळ्या लघवीत भिजवलेलं असायचं.
– ध्वनी

---

ते शेवटचं वाक्य निवेदनात नको. लगेच पुढे जेवण आहे.
– भोजन समिती

---

अहो, म्हणजे आपली जात्यावरची ओवीच की! माझी आजी दळताना दोन ओव्यांच्या मध्ये जात्यात मूठ टाकायची, तेवढा एक श्वास गाणं थांबायचं. हे रंगमंचावरच घ्या, आधी ओवी आणि मग हे. फक्त रेकॉर्डवर खाली बास आणि ड्रम वाजतात. चारशे वर्षांच्या गाण्याला कशाला हवेत?
– पेझलीच्या काकू

---

काकू, त्याच ठेक्यावर ते 1992 मध्ये ब्रिटनच्या टॉप 40 मध्ये गेलं, स्कॉटिश गेलिकमधलं पहिलंच. अल्बम 1991 चा. जुन्याला जुनंच ठेवायचं असं त्यांनी ठरवलंच नव्हतं, 'वेटिंग फॉर द व्हील टु टर्न' तर चक्क इंग्रजीत आहे. आणि त्यांची गायिका कॅरन मॅथिसन, तिनं काही बिघडवलेलं नाही. तिची आजी बारा बेटावरची (12 नव्हे, नावच बारा), गाणी घरातली.
शिवाय 'कॉशिख अ रून' म्हणजे 'चाल, सख्या'. मिरवणुकीलाही चुकीचं नाही.
– सचिव

---

ठेका आवडला म्हणून मिरवणूक! उद्या भूपाळी विसर्जनाला लावाल. रंगमंचावर घेणार असाल तर ऐका: कापड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं सरकवायचं, उलटं अशुभ मानत. एका बैठकीत तेच गाणं पुन्हा म्हणत नसत, तेव्हा वन्स मोअरला नाही म्हणायचं. पाण्याऐवजी कोरडं घोंगडं घ्या, हॉलची फरशी लाकडी आहे.
– ध्वनी

---

सीडी सापडली! आरत्यांच्या डबीत, आमच्या ह्यांच्या गाडीत. कुणी ठेवली ते विचारू नका. आम्ही आठजणी बसू. टेबल मात्र घट्ट हवं, काल घरच्या घडीच्या टेबलाचा पाय दुसऱ्याच ओळीला मिटला आणि घोंगडं माझ्या मांडीवर आलं.
– पेझलीच्या काकू

---

जेवणाची टेबलं मिळणार नाहीत.
– भोजन समिती