इन्क्लूजनला मराठीत काय म्हणायचं? (नर्सिंग शिक्षणाच्या संदर्भात)

नर्सिंगच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय. डायव्हर्सिटीला 'विविधता' चालून गेलं पण इन्क्लूजनवर गाडी अडलीये. 'समावेशन' लिहिलं की जीआर वाटतो, 'सर्वसमावेशकता' म्हणताना जीभ अडखळते. सुचवा ना काहीतरी.

——
'समावेश' नकोच. समावेश यादीत होतो, नाव घातलं की संपलं. म्हणजे अ‍ॅडमिशन सगळ्यांना दिली, पण पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीचेच आणि बेडसोरची (एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात म्हणजे 'त्वचा लाल दिसते' एवढंच शिकवलं, तर काळ्यासावळ्या पेशंटची सुरुवात लक्षातच येणार नाही, तिथे रंगावर न जाता हात लावून बघावं लागतं, जागा आजूबाजूपेक्षा गरम-गार लागते का, कडक झालीये का. मी 'सामावून घेणं' म्हणेन.

——
>> सामावून घेणं
ऐकायला छान, पण नदी समुद्रात सामावली की तिचं नाव उरत नाही! न्यूझीलंडमध्ये इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी नर्सने 'कल्चरल सेफ्टी' मांडली, १९९२ पासून तिथल्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आहे. त्यात मिळालेली सेवा सुरक्षित वाटली की नाही हे पेशंट ठरवतो, नर्स नाही. आता याचं 'सांस्कृतिक सुरक्षितता' केलं की मला तरी म्युझियमचा वॉचमन आठवतो :)

——
थोडं अवांतर, पत्रकात 'परिचारिका' किती वेळा आलंय? तिथेच मुलगे बाहेर पडले की. 'परिचारक' लिहावं तर लोकांना वॉर्डबॉय वाटतो. अमेरिकेत 'जो होगन' नावाच्या माणसाला निव्वळ पुरुष म्हणून नर्सिंगला प्रवेश नाकारला होता, सुप्रीम कोर्टात जाऊन १९८२ ला तो जिंकला, आणि आपण शब्दातच दार लावून बसायचं? सरळ 'नर्स' लिहा. नर्स आला, नर्स आली, दोन्ही चालतं.

——
'शुश्रूषा' येत असेल तर 'सुश्रुषा' लिहू नका प्लीज. धातू श्रु, म्हणजे ऐकणे, शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकायची इच्छा, सेवा हा अर्थ त्यावरून आला. इन्क्लूजनचा तास घेणाऱ्यांना एवढी व्युत्पत्ती सांगितली तरी अर्धा तास सहज जाईल.

——
धन्यवाद मंडळी! 'सोबत घेणं' ठरवलं, त्यात कुणी विरघळत नाही. शुश्रूषेची व्युत्पत्ती पहिल्याच पानावर टाकतेय. आणि 'परिचारिका' मोजलं, सतरा वेळा निघालं, बसलेय बदलत.